चांदीची प्रूफ स्मारक नाणी: जमवताना आणि पारखताना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

भारत सरकारच्या टाकसाळींनी काढलेली चांदीची प्रूफ नाणी मी बरीच वर्षं जमवतो आहे. प्रदर्शनात कुणाच्या टेबलापाशी उभा असलो की तेच प्रश्न पुन्हा पुन्हा येतात. काही नव्याने छंद लागलेल्या मुलांचे असतात, तर काही वडिलांच्या कपाटात निळी पेटी सापडलेल्या लेकीसुनांचे. त्यांना तोंडी देत आलेली उत्तरं इथे एकत्र लिहून काढली आहेत.

प्रूफ नाणं म्हणजे नेमकं काय?

प्रूफ म्हणजे नाण्याचा दर्जा नव्हे. नाणं पाडण्याच्या एका वेगळ्या पद्धतीला प्रूफ म्हणतात. चलनातलं नाणं यंत्रातून धडाधड बाहेर पडतं, एकमेकांवर आपटतं आणि पोत्यात जातं. प्रूफसाठी धातूची कोरी चकती आधी घासून चकचकीत करतात. ठशाचा सपाट भाग आरशासारखा घोटतात आणि चित्राचा भाग मुद्दाम खरखरीत ठेवतात. मग संथ चालणाऱ्या यंत्रावर एकाच चकतीवर एकापेक्षा जास्त वेळा ठसा मारतात. नाणं उचलायचं तेही हातमोजे घालून, एकेक करून.

या सगळ्यातून तयार होतं ते असं: मागची सपाट जमीन काळ्या पाण्यासारखी खोल दिसते आणि तिच्यावरचा चेहरा किंवा अशोकस्तंभाचे सिंह बर्फासारखे पांढुरके उठून दिसतात.

नाणं वापरलं, हाताळलं, अगदी खिशात घातलं तरी ते प्रूफच राहतं, फक्त खराब झालेलं प्रूफ. उलट, चलनातलं नाणं कितीही घासून चमकवलं तरी ते प्रूफ होत नाही.

प्रूफ आणि यूएनसी यांतला फरक घरी कसा ओळखायचा?

आपल्या टाकसाळी बहुतेक स्मारक नाणी दोन रूपांत विकतात: प्रूफ आणि यूएनसी, म्हणजे चलनात न गेलेलं कोरं नाणं. धातू, वजन, आकार सगळं तेच असतं. फरक पृष्ठभागात असतो, आणि भावातही.

खिडकीजवळ बसा. कॅप्सूल, म्हणजे नाणं ठेवायची पारदर्शक डबी, न उघडता नाणं आडवं धरा आणि त्याच्या कडेला वर्तमानपत्राचा तुकडा उभा धरा. प्रूफच्या सपाट भागात अक्षरांचं प्रतिबिंब उलटं पण स्पष्ट पडतं. कागद चार-पाच बोटं लांब नेला तरी ओळी वाचता येतात. यूएनसीवर अक्षरं लगेच विरघळतात, नुसती करडी छाया उरते. एवढी एक चाचणी हातात बसली की निम्मी फसवणूक टळते. बाजारात सगळ्यात जास्त दिसणारा प्रकार बनावट नाण्याचा नसतो. प्रूफच्या पेटीत बसवलेलं यूएनसी नाणं हाच तो प्रकार.

घासून चमकवलेलं यूएनसीही ओळखता येतं. त्याची चमक सगळीकडे सारखी असते, चेहऱ्यावर आणि अक्षरांच्या माथ्यावरसुद्धा. दहा पट भिंगाखाली नाणं हळूहळू फिरवलं की एकाच दिशेने गेलेल्या केसासारख्या बारीक रेघा उजळतात.

यात चांदी नक्की किती असते?

लोक ‘चांदीचं नाणं’ म्हणजे शुद्ध चांदी समजतात. तसं नेहमीच असतं असं नाही.

1969 सालचं गांधी जन्मशताब्दीचं दहा रुपयांचं नाणं आणि त्यानंतरचं 1970 चं अन्नविषयक नाणं 80 टक्के चांदीचं, 15 ग्रॅमचं आहे. म्हणजे त्यात 12 ग्रॅम चांदी. 1972 पासून प्रमाण 50 टक्क्यांवर आलं आणि तेच दीर्घकाळ टिकलं. शंभर रुपयांच्या मोठ्या नाण्यांचा साचा ठरून गेला: वजन 35 ग्रॅम, व्यास 44 मिलिमीटर. अलीकडच्या राजपत्रात या मिश्रणाला चार धातूंचं मिश्रण म्हटलेलं असतं: चांदी 50 टक्के, तांबं 40, निकेल 5 आणि जस्त 5. 2018 च्या डिसेंबरात आलेलं अटलबिहारी वाजपेयींचं शंभर रुपयांचं आणि मे 2023 मधलं नव्या संसद भवनाचं 75 रुपयांचं नाणं याच मिश्रणाचं आहे. अशा एका नाण्यात 17.5 ग्रॅम चांदी असते.

याला अपवाद आहेत. तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराला हजार वर्षं झाली तेव्हा काढलेलं 1000 रुपयांचं नाणं 80 टक्के चांदीचं होतं. एप्रिल 2024 मध्ये रिझर्व्ह बँकेला 90 वर्षं झाल्यावर निघालेलं 90 रुपयांचं नाणं तर शुद्ध चांदीचं, 40 ग्रॅमचं आहे. म्हणून प्रत्येक नाण्याचं मिश्रण वेगळं तपासा, सवयीने धरून चालू नका.

माझ्या गांधीजींच्या नाण्यावर 1948 लिहिलंय. ते 1948 चं आहे का?

नाही. त्या नाण्यावर 1869-1948 ही गांधीजींच्या जन्म-मृत्यूची वर्षं आहेत. नाणं 1969 चं आहे, पण 1969 हा आकडा त्यावर कुठेही नाही. या गैरसमजापायी लोक ‘स्वातंत्र्यानंतरचं पहिलं नाणं’ म्हणून ते भलत्या भावाला विकत घेतात. स्वतंत्र भारताची पहिली स्मारक नाणी 1964 मध्ये पंडित नेहरूंच्या निधनानंतर निघाली, आणि ती चांदीची नव्हती.

कोणत्या टाकसाळीचं आहे ते कसं कळतं?

सालाच्या खाली किंवा आसपास बारीक खूण शोधा. छोटा चौकट-हिरा असेल तर मुंबई, चांदणी असेल तर हैदराबाद, गोल ठिपका असेल तर नोएडा. काहीच खूण नसेल तर कोलकाता. मुंबईने प्रूफ नाण्यांसाठी वेगळी खूण ठेवली: आधी इंग्रजी ‘बी’ हे अक्षर, आणि शहराचं नाव अधिकृतपणे मुंबई झाल्यावर, 1996 पासून, ‘एम’.

ही खूण पारखीसाठी फार उपयोगाची आहे. मुंबईचं प्रूफ म्हणून विकायला ठेवलेल्या नाण्यावर हिरा दिसला तर ते बहुधा यूएनसी आहे. ‘एम’ दिसला तर भिंग लावून त्या अक्षराचा पायथा बघा. ठशातून आलेलं अक्षर जमिनीतून सहज उगवल्यासारखं दिसतं, त्याच्या भोवतीचा आरसा अखंड असतो. नंतर चिकटवलेल्या किंवा कोरलेल्या अक्षराभोवती आरसा फुटलेला, खरवडलेला असतो.

अस्सल आहे की नाही हे पायरीपायरीने कसं तपासू?

आधी कागद, मग नाणं. प्रत्येक स्मारक नाण्यासाठी केंद्रीय अर्थ मंत्रालय भारताच्या राजपत्रात नियम प्रसिद्ध करतं. त्यात आकार, व्यास, कडेवरच्या दात्यांची संख्या, मिश्रण, वजन आणि दोन्ही बाजूंवर काय-काय लिहिलेलं असेल ते ओळीओळीने दिलेलं असतं. अलीकडच्या काळातली राजपत्रं संकेतस्थळावर फुकट मिळतात. विक्रेत्याच्या वर्णनाआधी ती वाचा. मला या छंदात सगळ्यात जास्त उपयोग कशाचा झाला असेल तर तो याच रुक्ष पानांचा.

मग वजन. सोनाराकडच्या काट्यासारखा शतांश ग्रॅमपर्यंतचा काटा हल्ली स्वस्तात मिळतो. संसद भवनाच्या नाण्याला राजपत्राने 34.65 ते 35.35 ग्रॅम एवढी मुभा दिली आहे, म्हणजे वर-खाली फक्त एक टक्का. कॅप्सूल उघडायची नसेल तर तशीच रिकामी कॅप्सूल वेगळी तोलून वजा करा. अंदाज पक्का मिळतो.

नंतर कड. 44 मिलिमीटरच्या नाण्यावर 200 दाते असतील तर परीघ होतो साधारण 138 मिलिमीटर, म्हणजे एका सेंटीमीटरमध्ये साडेचौदा दाते. सगळे दोनशे मोजायची गरज नाही. कडेचा जवळून फोटो काढा, शेजारी पट्टी ठेवा आणि दोन सेंटीमीटरमधले दाते मोजा. एकोणतीसच्या आसपास यायला हवेत. बनावट ठसे करणारा चेहऱ्यावर मेहनत घेतो, कडेकडे त्याचं लक्ष कमी असतं.

लोहचुंबक कॅप्सूलच्या बाहेरूनच लावा. नाणं ओढलं गेलं तर विषय संपला. ओढलं गेलं नाही म्हणून मात्र अस्सल ठरत नाही, कारण पितळ आणि जर्मन सिल्व्हरही ओढलं जात नाही.

इथवर शंका उरली, आणि नाणं आधीच कॅप्सूलबाहेर असेल, तरच पुढची चाचणी करा. काट्यावर पाण्याचा पेला ठेवा आणि काटा शून्यावर आणा. पाणी ऊर्ध्वपातित, म्हणजे बॅटरीत घालतात ते. नाण्याला मऊ दोरा बांधून ते पूर्ण बुडेल पण तळाला किंवा कडेला टेकणार नाही असं लोंबकळत धरा. काटा जो आकडा दाखवेल त्याने नाण्याच्या कोरड्या वजनाला भागा. चार धातूंच्या त्या मिश्रणाची घनता येते साधारण 9.5. म्हणजे 35 ग्रॅमच्या नाण्याला काटा 3.67 च्या जवळ दिसायला हवा. त्याच वजनाचं तांबं-निकेलचं नाणं 3.9 दाखवेल. 80 टक्के चांदीला घनता 10.1, शुद्ध चांदीला 10.5 यायला हवी. मी पहिल्यांदा हे केलं तेव्हा बायको आकड्याकडे बघत, मी दोरा धरून, आणि काट्यावर 3.68 आलं तेव्हा दोघांचाही श्वास सुटला. नंतर नाणं चोळून पुसायचं नाही, मऊ कापडावर ठेवून टिपायचं.

दोन बारीक गोष्टी. आपली नाणी पुस्तकाच्या पानासारखी उजवीकडून डावीकडे उलटली की मागची बाजूही सरळ दिसते. उलटी दिसली तर थांबा. आणि रुपयाचं ₹ हे चिन्ह सरकारने जुलै 2010 मध्ये स्वीकारलं. त्याआधीच्या वर्षी पाडलेल्या म्हणून सांगितलेल्या नाण्यावर ते चिन्ह दिसलं तर त्या नाण्याची कहाणी खोटी आहे.

सोनाराकडे टंच काढून आणला, यंत्राने चांदी जास्त दाखवली. असं कसं?

घाबरू नका. टंच काढायचं क्ष-किरणांचं यंत्र फक्त वरचा पातळ थर वाचतं. चांदी-तांब्याच्या मिश्रणाची चकती तयार करताना ती तापवतात, आम्लात धुतात. त्यात वरचं तांबं निघून जातं आणि पृष्ठभागावर चांदीचं प्रमाण वाढतं. म्हणून 50 टक्क्यांच्या नाण्याला यंत्र बरंच जास्त दाखवू शकतं. याच कारणाने चांदीचा जाड मुलामा दिलेलं पितळही यंत्राच्या परीक्षेत पास होऊ शकतं. यंत्राचा आकडा वजन आणि घनतेसोबतच वाचा. आणि सोनाराला कसोटीच्या दगडावर नाणं घासू देऊ नका. दागिन्यावर एक ओरखडा चालतो, प्रूफवर नाही.

मूळ पेटी आणि टाकसाळीचा कागद आहे. मग अजून काय पाहिजे?

पेटी महत्त्वाची आहे, पण ती साक्षीदार आहे, पुरावा नाही. रिकाम्या पेट्या, फोल्डर, कॅप्सूल हे सगळं वेगळं विकलं जातं. पावतीवर ग्राहकाचं नाव, नाण्याचं नाव आणि ‘प्रूफ’ हा शब्द एकत्र असेल आणि ती पावती पहिल्या मालकाच्या घरातून आलेली असेल तर तिला मोल आहे. नुसती चकचकीत पेटी बघून पैसे देऊ नका.

एका संग्राहकाला त्याच्या ओळखीच्या विक्रेत्याने एक जोडी विकली होती, लोकमान्य टिळकांच्या 150 व्या जन्मवर्षानिमित्त 2007 मध्ये निघालेली. पेटी अस्सल, शंभराचं नाणं अस्सल प्रूफ. पाच रुपयांचं मात्र यूएनसी होतं, कुणीतरी बदललेलं. दोन वर्षं ते कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण सगळ्यांचे डोळे मोठ्या नाण्यावर. संच घेताना छोटं नाणं आधी बघा.

विकत कुठून घ्यावं?

नवीन नाणं थेट टाकसाळीकडून. भारत सरकारच्या चारही टाकसाळी 2006 पासून भारत प्रतिभूती मुद्रण तथा मुद्रा निर्माण निगम या सरकारी कंपनीच्या अखत्यारीत आहेत. संकेतस्थळावर ठरावीक मुदतीसाठी नोंदणी खुली होते, तेवढ्यात पैसे भरायचे आणि पुढे थांबायचं. समारंभात प्रकाशन झालं म्हणजे दुसऱ्या दिवशी नाणं मिळतं असं नाही. मुंबईकरांनी फोर्टातल्या टाकसाळीची इमारत एकदा तरी बाहेरून पाहावी. 1829 पासूनची ती वास्तू रिझर्व्ह बँकेच्या समोरच आहे. तिथून चालत जाण्यासारख्या अंतरावर, फिरोजशहा मेहता रस्त्यावर, रिझर्व्ह बँकेचं मौद्रिक संग्रहालय आहे. अस्सल नाणं कसं दिसतं हे डोळ्यांत बसवायला त्याहून चांगली जागा नाही. नाशिककडच्यांसाठी अंजनेरीला नाणकशास्त्र संशोधन संस्थेचं संग्रहालय आहे.

जुन्या नाण्यांसाठी नाण्यांची प्रदर्शनं, नोंदणीकृत लिलाव, आणि ज्याच्याकडे परत करायची सोय आहे असा विक्रेता. पुण्याच्या जुन्या बाजारात किंवा मुंबईच्या चोरबाजारात फिरणं हा वेगळा आनंद आहे, पण चांदीचं प्रूफ मी तिथे घेत नाही.

75, 125, 525 रुपये अशा विचित्र किमती का? हे दुकानात चालतं का?

आकडा प्रसंगावरून येतो. डॉ. आंबेडकरांच्या 125 व्या जयंतीचं 125 रुपयांचं नाणं 6 डिसेंबर 2015 रोजी प्रसिद्ध झालं. संत मीराबाईंच्या 525 व्या जयंतीला 525 रुपयांचं निघालं. कोलकात्याच्या अलीपूर टाकसाळीला साठ वर्षं झाली तेव्हा 60 रुपयांचं. 2011 च्या नाणे कायद्यानुसार हजार रुपयांपर्यंतच्या किमतीचं नाणं काढता येतं. कागदावर ते सरकारी नाणंच आहे, पण त्यावरच्या किमतीपेक्षा त्यातली चांदीच महाग असते, त्यामुळे त्याने कुणी भाजी घेत नाही. त्याच कायद्याने नाणं वितळवणं हा गुन्हा आहे.

दिवाळीत चांदी उजळतो तसं नाणं उजळलं तर चालेल का?

नाही. कळकळीने सांगतो, नाही.

आमच्याकडे 1982 च्या आशियाई खेळांचं शंभर रुपयांचं नाणं होतं. दिल्लीला नोकरीला असलेल्या काकांनी आजीला दिलेलं, प्रूफ, पेटीसकट. आजीच्या दृष्टीने ती लक्ष्मी. दरवर्षी लक्ष्मीपूजनाला ते पेटीतून बाहेर यायचं, निरांजनाशेजारी तबकात बसायचं, त्यावर हळदकुंकू व्हायचं, अक्षता पडायच्या. दुसऱ्या दिवशी देवाच्या भांड्यांबरोबर चिंच आणि रांगोळीने घासून निघायचं. आजीने ते मनापासून केलं आणि मी तिला कधी थांबवलं नाही, कारण तेव्हा मलाही कळत नव्हतं. आज ते नाणं माझ्याकडे आहे. सगळीकडून सारखं पांढरं, आरसा नाही, आणि अक्षरांच्या कोपऱ्यात कुंकवाचा एक लाल कण अजून आहे. विकायला गेलं तर चांदीचाच भाव येईल. ते विकायचं नाही, पण तुमच्या घरचं तसं होऊ नये.

रांगोळी, टूथपावडर, विभूती, चांदी उजळायचे द्रव, मऊ सुती कापडसुद्धा, सगळं वर्ज्य. चांदी काळवंडते ती हवेतल्या गंधकामुळे. तो थर काढताना चांदीचा वरचा थरही जातो आणि आरसा म्हणजे नेमका तो वरचा थर. एकसारखा फिकट सोनेरी किंवा निळसर रंग चढलेलं नाणं तसंच ठेवा. अनेक संग्राहकांना तो रंग हवासा वाटतो, मलाही.

चालणारी गोष्ट एकच. जुन्या मऊ प्लॅस्टिकच्या पाकिटातून हिरवट, चिकट थर आला असेल तर शुद्ध ॲसिटोनच्या काचेच्या वाटीत नाणं थोडा वेळ बुडवून, न चोळता बाहेर काढायचं. खिडक्या उघड्या, जवळ आग नाही, आणि नखांचा रंग काढायचं सुगंधी द्रव वापरायचं नाही.

पूजेला नाणं हवंच असेल तर सराफाकडचं लक्ष्मी-गणपतीचं चांदीचं नाणं घ्या. ते त्यासाठीच असतं. पूजाही साग्रसंगीत होते आणि प्रूफही वाचतं.

ठेवायचं कसं?

कठीण, पारदर्शक ॲक्रिलिकची कॅप्सूल, नाण्याच्या व्यासाची. मऊ प्लॅस्टिकची पाकिटं, रबरबँड, लोकर, वर्तमानपत्र आणि नव्या पॉलिशचा वास येणारं लाकडी कपाट यांपासून लांब. कोकणात आणि मुंबईत पावसाळाभर डब्यात सिलिका जेलची पुडी ठेवा आणि रंग बदलला की बदला. बाहेर काढलंच तर दोन बोटांत कडेने धरा, खाली मऊ टॉवेल अंथरून. नाण्यावर वाकून बोलू नका. थुंकीचा बारीक तुषार काही महिन्यांनी काळा ठिपका होऊन दिसतो.

अमेरिकन कंपनीकडून ग्रेडिंग करून घ्यावं का?

एनजीसी आणि पीसीजीएस या दोन कंपन्या नाणं तपासून, सत्तरपैकी दर्जा देऊन, बंद प्लॅस्टिकच्या चौकटीत पाठवतात. खर्च, प्रवास आणि जोखीम बघता साध्या नाण्यासाठी नको. दुर्मीळ आणि निर्दोष असेल तर विचार करा. अशी चौकट विकत घेताना तिच्यावरचा क्रमांक कंपनीच्या संकेतस्थळावर टाकून तिथला फोटो आणि हातातलं नाणं जुळवा. चौकटीसुद्धा बनावट येतात.

‘ईस्ट इंडिया कंपनी 1818, राम दरबार’ असं नाणं लाखोंना जातं म्हणतात. खरं का?

कंपनीने असं नाणं कधीच काढलं नाही. ती देवाच्या चित्राची खासगी पदकं आहेत, बहुतेक वेळा पितळेची किंवा मुलाम्याची. श्रद्धेने देव्हाऱ्यात ठेवायला हरकत नाही, नाणं म्हणून त्याला किंमत नाही. वैष्णोदेवीच्या पाच आणि दहा रुपयांच्या नाण्यांबद्दलही असेच संदेश फिरतात. ती खरी सरकारी नाणी आहेत, पण त्यांचा लाखोंशी काही संबंध नाही. जुनी नाणी विकत घेतो म्हणून रिझर्व्ह बँकेच्या नावाने कमिशन किंवा कर मागणारा फोन आला तर तो ठेवून द्या. असल्या फसवणुकीबद्दल बँकेने ऑगस्ट 2021 मध्ये लोकांना जाहीर इशारा दिला होता.

मुलगा अमेरिकेत आहे, तिकडची प्रूफ घ्यावीत का?

आवड असेल तर जरूर. तिथला सिल्व्हर ईगल एका औंसाचा, 99.9 टक्के चांदीचा असतो. 2021 मध्ये बदललेल्या नमुन्याच्या कडेवर एका जागी दाता गाळलेला आहे, बनावट ओळखायला. ब्रिटनच्या ब्रिटानिया या चांदीच्या नाण्याच्या त्याच वर्षीच्या साध्या, गुंतवणुकीसाठीच्या रूपावर बारीक अक्षरांची ओळ आणि तिरपं धरल्यावर बदलणारं चित्र आहे. शुद्ध चांदीच्या नाण्यांवर कधीकधी दुधासारखे पांढरे डाग पडतात. त्यात मालकाची चूक नसते आणि ते सुरक्षितपणे निघतही नाहीत.

गुंतवणूक म्हणून कसं?

चांदी हवी असेल तर चांदी घ्या. नाण्यातल्या धातूची किंमत काढायची सोपी रीत: समजा भाव किलोला एक लाख आहे, म्हणजे ग्रॅमला शंभर, तर 17.5 ग्रॅमचे 1750 रुपये. त्यावर तुम्ही जे काही दिलं ते कारागिरी, पेटी, प्रसंग आणि मागणी यांचं. यातली मागणी पुढे राहीलच असं कुणी सांगू शकत नाही. प्रकाशनाच्या आठवड्यात बातम्या बघून चढलेल्या भावाने दुसऱ्या हाताने घेणं मी टाळतो.

वडिलांच्या कपाटात पेट्या सापडल्या. आता काय करू?

पहिल्या दिवशी काहीच करू नका. कॅप्सूल उघडू नका, पुसू नका, कुणाला फोटो पाठवून भाव विचारू नका. पेट्या ज्या क्रमाने होत्या त्याच क्रमाने टेबलावर मांडा. त्यांच्या आजूबाजूचे लिफाफे, पोस्टाची पाकिटं, पावत्या, वहीतली पानं फेकू नका. जमवणारा माणूस बहुधा कुठेतरी लिहून ठेवतो, कधी पेटीच्या तळाशी पेन्सिलने, कधी जुन्या डायरीच्या मागे.

मग एकेका नाण्याची ओळ लिहा: प्रसंग, साल, किंमत, खूण, प्रूफ की यूएनसी, वजन. दोन्ही बाजूंचा आणि कडेचा फोटो. विकायचं ठरलं तर ही यादी घेऊन किमान तीन जणांकडे जा, आणि नाणी एकाच वेळी सगळी कुणाच्या हातात देऊ नका.

ठेवायचं ठरलं तर प्रत्येक पेटीत एक चिठ्ठी घाला, आम्लरहित कागदावर: हे कुणी, कधी, कुठून घेतलं. वडिलांचं अक्षर असलेली जुनी चिठ्ठी असेल तर ती काढू नका, कॅप्सूलबाहेर पेटीच्या झाकणात राहू द्या.